साधा फोन नेमका कोणापासून वाचवतो?

स्मार्टफोन बाजूला ठेवायचा आणि बटणांचा किंवा अगदी मोजक्या सोयींचा फोन घ्यायचा, ही कल्पना सध्या बरीच चर्चेत आहे. सतत स्क्रोल करण्याची सवय सुटावी, झोप नीट लागावी, हातातलं काम पुरं व्हावं, ही त्यामागची कारणं समजण्यासारखी आहेत. पण त्यांच्या जोडीला आणखी एक दावा हमखास येतो: 'यात ॲप्सच नाहीत, मग पाळत ठेवणार कोण?' हा दावा अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा नुसता चुकीचा असता तर एक वेळ चाललं असतं, पण काही बाबतींत तो उलटाच आहे. साध्या फोनावर काही गोष्टी स्मार्टफोनपेक्षा जास्त उघड्या पडतात.

आधी दोन शब्दांची फोड करून घेऊ. खासगीपणा म्हणजे आपली माहिती कोणाकडे जाते यावर आपला ताबा असणं. सुरक्षितता म्हणजे कोणी मुद्दाम घुसायचं किंवा चोरायचं ठरवलं, तर त्याला ते किती जड जाईल हे. साधा फोन खासगीपणाच्या बाबतीत काही लोकांपासून छान वाचवतो. सुरक्षिततेत मात्र त्याची कामगिरी बऱ्याचदा सुमार असते.

## एका नावाखाली चार वेगळ्या वस्तू

'मिनिमलिस्ट फोन' म्हणून जे विकलं जातं, त्यात पहिला प्रकार जुन्या धर्तीच्या बटणांच्या फोनाचा. त्यात कंपनीचं स्वतःचं छोटं सॉफ्टवेअर असतं आणि नवी ॲप्स टाकता येत नाहीत.

दुसरा प्रकार बटणांचाच, पण आतून इंटरनेटला जोडलेला. कायओएस हे फोन चालवणारं सॉफ्टवेअर त्याचं ठळक उदाहरण. बंद पडलेल्या फायरफॉक्स ओएसच्या पायावर ते उभं आहे. त्यात ब्राउझर आहे, ॲपचं दुकान आहे आणि जाहिरातीही आहेत. म्हणजे दिसायला साधा असला, तरी माहिती गोळा करण्याची यंत्रणा इथे शाबूत असते.

तिसरा प्रकार मुद्दाम कमी सोयींचा बनवलेला: लाइट फोन, पुंक्ट, मुदिता वगैरे. यातल्या बऱ्याच फोनांच्या पोटात गूगलच्या सेवा काढून टाकलेलं अँड्रॉइडच असतं. मुदिता प्युअरसारख्या एखाद्याच फोनात पूर्ण वेगळी प्रणाली असते. अँड्रॉइड असणं हा इथे दोष नाही. त्याचा फायदा काय, ते फोन हरवण्याच्या मुद्द्यापाशी येईल.

चौथा प्रकार म्हणजे आहे त्याच स्मार्टफोनवर टाकलेला 'मिनिमल लाँचर'. पडदा काळा-पांढरा होतो, रंगीत आयकॉनांच्या जागी नुसती नावं येतात. लक्ष विचलित होऊ नये म्हणून तो उपयोगी आहे, खासगीपणासाठी त्याचा उपयोग शून्य. खालची सगळी ॲप्स आणि गूगलच्या सेवा पूर्वीसारख्याच चालू राहतात. उलट काही लाँचर 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागतात, आणि ती दिली की पडद्यावर काय दिसतंय हे त्या ॲपला वाचता येऊ शकतं. लाँचर घेतलाच, तर ही परवानगी नाकारून तो चालतो का ते पाहावं.

## खरोखर थांबतं ते काय

याचं श्रेय साध्या फोनाला मोकळ्या मनाने द्यायला हवं. स्मार्टफोनात प्रत्येक फोनाला एक जाहिरात-ओळख क्रमांक असतो. हवामानाचं ॲप, खेळ, टॉर्च अशा फुटकळ ॲप्समध्ये तिसऱ्याच कंपन्यांचे कोडचे तुकडे बसवलेले असतात. ते हा क्रमांक आणि जीपीएसवरून मिळालेलं ठिकाण एकत्र करून पाठवतात आणि ती माहिती पुढे विकली जाते. अशाच एका ठिकाण-विक्रेत्या कंपनीवर, एक्स-मोडवर, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२४ मध्ये कारवाई केली आणि संवेदनशील ठिकाणांची माहिती विकायला बंदी घातली. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या फोनात हा व्यवहार जवळजवळ संपतो, कारण ते कोडचे तुकडे बसवायला ॲपच नसतं.

दुसरा फायदा हेरगिरीच्या सॉफ्टवेअरपासून. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलमधल्या एका चुकीतून पेगासस फोनात शिरू शकत होतं, आणि त्यासाठी कॉल उचलायचीही गरज नव्हती. अशी हत्यारं आयफोन आणि अँड्रॉइडसाठी घडवलेली असतात. ज्या फोनाला व्हिडिओ, लिंक, फाइल यातलं काही उघडताच येत नाही, त्यात शिरायला वाटाच कमी. बॅटरी बाहेर काढता येत असेल तर आणखी बरं, कारण बॅटरी काढलेला फोन 'खरंच बंद आहे ना?' हा प्रश्न उरत नाही.

## फाटकावरची नोंदवही

आता न थांबणारं. अशी इमारत डोळ्यांपुढे आणा, जिच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि वेळ नोंदवहीत लिहिली जाते. तुम्ही घरातल्या सगळ्या खिडक्यांना जाड पडदे लावलेत, तर आत काय चाललंय हे शेजाऱ्यांना दिसणार नाही. फाटकावरची नोंदवही मात्र तशीच भरत राहील. साधा फोन म्हणजे हे पडदे, आणि मोबाइल कंपनीचं नेटवर्क म्हणजे ती नोंदवही.

फोन चालू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत काय घडतं ते पाहू. सिमकार्डात आयएमएसआय नावाचा, सहसा १५ अंकी, ग्राहक क्रमांक असतो. फोनाचा स्वतःचाही १५ अंकी क्रमांक असतो, आयएमईआय. *#०६# दाबलं की तो पडद्यावर दिसतो. फोन जवळच्या टॉवरला गाठतो आणि आपण कोण ते कळवतो. नेटवर्क एक यादृच्छिक आकडा पाठवतं. सिम आपल्या पोटातल्या गुप्त किल्लीने त्यावर गणित करून उत्तर परत करतं. उत्तर जुळलं की फोन आत. आयएमएसआय आणि आयएमईआय दोन्ही नेटवर्कला कळलेले असतात, म्हणून जुन्या फोनात नवं सिम घातल्याने नवी ओळख मिळत नाही. फोनाचा क्रमांक जुन्या आणि नव्या सिमची गाठ घालून देतो.

त्यानंतर फोन खिशात नुसता पडून असला, तरी एका टॉवरसमूहाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेल्यावर आणि ठरावीक मुदतीनेही तो नेटवर्कला हजेरी देतो. न दिली तर येणारा कॉल कोणत्या टॉवरवरून वाजवायचा हे नेटवर्कला कळणारच नाही. कॉल, एसएमएस किंवा डेटा सुरू झाला की नेमका कोणता टॉवर ते नोंदलं जातं. सिग्नल पोचायला लागणाऱ्या वेळावरून टॉवरपासूनचं अंतरही काढता येतं. टूजीत ते साधारण ५५० मीटरच्या टप्प्यांत कळतं, फोरजीत साधारण ७८ मीटरच्या. जीपीएस नसलेल्या फोनाचा ठावठिकाणा लागतो तो असा.

या नोंदींना मेटाडेटा म्हणतात: बोलण्याचा मजकूर नव्हे, तर कोण, कोणाशी, केव्हा, कुठून, किती वेळ. जर्मनीच्या ग्रीन पक्षाचे राजकारणी माल्टे स्पिट्झ यांनी कोर्टात जाऊन आपल्या मोबाइल कंपनीकडून स्वतःच्याच सहा महिन्यांच्या नोंदी मिळवल्या. त्या पस्तीस हजारांहून जास्त भरल्या. २०११ मध्ये त्या नोंदींवरून बनवलेला नकाशा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचा प्रवास, झोपण्या-उठण्याच्या वेळा, सगळं त्यावर दिसत होतं. २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या अशाच नोंदींचा अभ्यास झाला. नावं काढून टाकली तरी वेळ आणि ठिकाण यांचे फक्त चार बिंदू ९५ टक्के लोकांना इतरांपासून वेगळं काढायला पुरेसे ठरतात, असं त्यात दिसलं.

ही नोंदवही कंपनीच्या कपाटातच राहते असंही नाही. ग्राहकांची ठिकाणं संमतीशिवाय मध्यस्थांना विकल्याबद्दल एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने तिथल्या मोठ्या मोबाइल कंपन्यांना मिळून जवळपास २० कोटी डॉलरचा दंड ठोठावला. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. दंडाचं पुढे काय व्हायचं ते होवो, मुद्दा असा की ही ठिकाणं टॉवरवरून काढलेली होती आणि त्यासाठी ग्राहकाच्या फोनात एकही ॲप लागत नव्हतं.

तरीही एका बाबतीत साधा फोन इथेही थोडा सरस ठरतो, आणि याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. स्मार्टफोनातली ॲप्स पडद्याआड सतत डेटा उघडत-बंद करत असतात, त्यामुळे नेटवर्ककडच्या नोंदी दाट होतात. दिवसातून पाच-सहा कॉल करणाऱ्या साध्या फोनाच्या नोंदी त्या मानाने विरळ. पण विरळ म्हणजे नाहीतच असं नव्हे. शिवाय 'मूक एसएमएस' नावाचा एक प्रकार आहे. तो आला की फोन ना वाजतो ना काही दाखवतो, फक्त गुपचूप पोच देतो, आणि त्या क्षणीचा टॉवर नोंदला जातो. जर्मनीतले पोलीस हे तंत्र उघडपणे वापरतात.

## 'पण मी फक्त कॉल आणि एसएमएस करतो'

नेमकं इथेच पारडं फिरतं. सिग्नल नावाच्या संदेश ॲपमध्ये किंवा व्हॉट्सॲपमध्ये मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनातच गुप्त लिपीत जातो आणि घेणाऱ्याच्या फोनातच सुटतो, मधल्या कोणालाही वाचता येत नाही. याला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतात. साध्या कॉलला आणि एसएमएसला ते नसतं. फोन ते टॉवर एवढ्या हवेतल्या टप्प्यापुरती गुप्तता असते. पुढे कंपनीच्या यंत्रणेत सगळं उघडं.

तो हवेतला टप्पाही टूजीवर कच्चा आहे. टूजीची ए५/१ ही गुप्तलिपी १९८७ ची. २००९ मध्ये ती घरगुती संगणकांवर फोडता येईल असे तक्ते तयार करून दाखवले गेले. त्याहून मोठी खोट अशी की टूजीत फोनाने नेटवर्कला आपली ओळख पटवायची असते, पण नेटवर्कला फोनापुढे स्वतःला सिद्ध करावं लागत नाही. म्हणून कोणीही खोटा टॉवर उभा करून आसपासचे फोन आपल्याकडे ओढू शकतो. थ्रीजीपासून ही तपासणी दोन्ही बाजूंनी होते. पण फोनाला टूजीवर उतरायची मुभा असेल, तर वरच्या पिढ्यांचे सिग्नल जाम करून त्याला खाली आणता येतं. अँड्रॉइड १२ पासून, हार्डवेअर साथ देत असेल तर, टूजी बंद करायचं बटण आहे. आयफोनचा लॉकडाउन मोडही आता टूजी बंद करतो. बटणांच्या फोनांत अशी सोय क्वचितच. आणि फोनच फक्त टूजीचा असेल तर बोलणंच खुंटलं.

टॉवरच्या पलीकडे जगभरच्या मोबाइल कंपन्या एसएस७ नावाच्या संकेतपद्धतीने एकमेकींशी बोलतात. तिची मुळं १९७० च्या दशकातली. त्या काळी या जाळ्यात मोजक्याच विश्वासू कंपन्या होत्या, त्यामुळे 'हा संदेश खरंच तिच्याकडूनच आला का' हे तपासायची गरज कोणाला वाटली नाही. आज या जाळ्यात कुठूनही शिरकाव मिळवलेला माणूस दुसऱ्याचे एसएमएस आपल्याकडे वळवू शकतो. २०१७ मध्ये जर्मनीत हेच झालं. बँकेकडून येणारे कोड मधल्यामध्ये पळवून खात्यांतले पैसे लंपास केले गेले. ग्राहकाचा फोन कोणता होता याला काही अर्थच नव्हता.

२०२४ मध्ये 'सॉल्ट टायफून' नावाने ओळखल्या जाणाऱ्या हल्लेखोरांनी अमेरिकेतल्या अनेक दूरसंचार कंपन्यांत घुसखोरी केल्याचं उघड झालं. त्यानंतर डिसेंबरात तिथल्या सायबर सुरक्षा संस्थेने, सीसाने, लक्ष्य ठरू शकणाऱ्या मोठ्या पदांवरच्या लोकांना काय सांगितलं? एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेलं ॲप वापरा आणि एसएमएसवरून येणाऱ्या कोडांवर विसंबू नका. साधा फोन घ्या, असं सांगितलं नाही. तो घेतला असता तर या सल्ल्यातली पहिली गोष्टच करता आली नसती.

तिसऱ्या प्रकारच्या काही फोनांनी यावर वाट काढायचा प्रयत्न केला. उदाहरणार्थ, पुंक्टच्या एमपी०२ मध्ये 'पिजन' या नावाने सिग्नलशी जुळणारी सोय दिली गेली. पण अशी सोय कायम राहील हे गृहीत धरू नये. कायओएसवरचं व्हॉट्सॲप २०२५ च्या सुरुवातीला बंद झालं आणि केवळ त्यासाठी फोन घेतलेले लोक अडकले.

## सिमकार्ड हाही एक छोटा संगणकच

सिम म्हणजे नुसती चिप नव्हे. तिच्यावर छोटे प्रोग्रॅम चालतात, आणि ते आपल्याला दिसत नाहीत. २०१९ मध्ये 'सिमजॅकर' नावाचा हल्ला उघडकीस आला. काही कंपन्यांच्या सिमवर एस-ॲट-टी ब्राउझर नावाचा जुना प्रोग्रॅम पडून होता. त्याला खास बनवलेला एसएमएस पाठवला, की तो फोनाकडून टॉवरचा क्रमांक आणि आयएमईआय मागून घेई आणि दुसऱ्या एसएमएसने हल्लेखोराला धाडून देई. पडद्यावर काहीच उमटत नसे. फोन आयफोन असो की बटणांचा, सगळे सारखेच. यावर उपाय मोबाइल कंपनीने करायचा असतो. ग्राहकाच्या हातात एवढंच, की दहा-बारा वर्षांपूर्वीचं सिम नव्या फोनात ढकलण्याऐवजी कंपनीकडून ताजं बदलून घ्यावं.

## स्वस्त बटणांच्या फोनात लपून काय बसणार?

बरंच काही. २०२१ मध्ये रशियातल्या एका संशोधकाने तिथे विकले जाणारे पाच बटणांचे फोन उघडून तपासले. त्यातला एकच निर्दोष निघाला. बाकीच्यांत काय नव्हतं! एक फोन विक्री झाल्याची खबर मालकाला न विचारता इंटरनेटवरून पाठवत होता, एक एसएमएसने. एक जादा दराच्या क्रमांकांना पैसे कापणारे एसएमएस करत होता. आणि एकाने तर मालकाचा मोबाइल नंबर दुसऱ्या कोणाला ऑनलाइन खाती उघडायला उपलब्ध करून दिला होता: पडताळणीचा एसएमएस येई, फोन तो परस्पर सर्व्हरला कळवी आणि मालकाला पत्ताही लागत नसे.

हे होतं कसं? अशा फोनाचं सॉफ्टवेअर ब्रँडच्या मालकाने लिहिलेलं नसतं. ते चिप बनवणाऱ्याकडून आणि जुळणी करणाऱ्या कारखान्याकडून तयार येतं; वाटेत कोणीही त्यात भर घालू शकतो. स्मार्टफोनात निदान नेट वापराचा हिशेब आणि परवानग्यांची यादी पाहता येते. इथे आत डोकवायला खिडकीच नाही. आणि चूक सापडली तरी दुरुस्त होत नाही, कारण या फोनांना अपडेट जवळजवळ कधीच येत नाहीत. माझ्या मते 'साधा म्हणून सुरक्षित' या समजुतीला सगळ्यात मोठा तडा इथेच जातो.

त्यावर इलाज फार नाही, पण एक साधी कसोटी आहे. नवा फोन घेतल्यावर डेटा पॅक नसलेलं, थोडेच पैसे भरलेलं प्रीपेड सिम त्यात घालून आठवडाभर नुसतं पडू द्यावं. मग मोबाइल कंपनीकडून वापराचा तपशील मागवावा. आपण न केलेला एसएमएस किंवा उघडलेला डेटा त्यात दिसला, तर फोन परत करावा. मात्र काही फोन ही उचापत महिन्या-दोन महिन्यांनी सुरू करतात, म्हणून अधूनमधून बिल पाहत राहणं भाग आहे.

## फोन हरवला तर

इथे स्मार्टफोन निर्विवाद पुढे आहे. अँड्रॉइड १० पासून बाजारात येणाऱ्या नव्या फोनांत साठवलेली माहिती गुप्त लिपीत ठेवणं बंधनकारक आहे. आयफोनमध्ये तर ते आधीपासूनच. पडद्याचा कोड माहीत नसलेल्या चोराला चिप काढूनही फारसं काही हाती लागत नाही. बटणांच्या फोनात मात्र सहसा माहिती उघडीच पडलेली असते. त्यावरचा सुरक्षा कोड म्हणजे फक्त पडद्याची अडवणूक. यूएसबी केबल जोडून आणि दुरुस्तीवाल्यांकडे असतं ते सॉफ्टवेअर चालवून एसएमएस, संपर्क, कॉलची यादी बाहेर काढता येते. शिवाय कारखान्यातून आलेला १२३४ किंवा १२३४५ हा कोड बरेच जण बदलत नाहीत. दुरून फोन पुसून टाकायची सोयही नसते. तिसऱ्या प्रकारातल्या अँड्रॉइडवर चालणाऱ्या फोनांचा फायदा इथे दिसतो. पण 'साठवण एन्क्रिप्टेड आहे का आणि पडद्याला कोड लावता येतो का' हे घेण्याआधी विचारून घ्यावं.

साध्या फोनात सगळ्यात उपयोगी कुलूप फोनाचं नव्हे, सिमचं. सिम पिन लावलेला नसेल तर चोर तुमचं सिम स्वतःच्या फोनात घालतो आणि तुमच्या बँकेचे कोड त्याच्याकडे येऊ लागतात. पिन लावायच्या आधी कंपनीकडून आपल्या सिमचा ८ अंकी पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडणारा कोड, मागून कागदावर लिहून ठेवा. मग फोनाच्या सुरक्षा सेटिंगमध्ये 'सिम पिन' किंवा 'पिन विनंती' चालू करा. तो आत्ताचा पिन विचारेल. बऱ्याचदा ०००० किंवा १२३४ असतो, पण अंदाजाने टाकत बसू नका, कंपनीला विचारा. तीनदा चुकला की सिम पीयूके मागतं, आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं मरतं. पिन चालू झाल्यावर तो बदलायला **०४*जुना पिन*नवा पिन*नवा पिन# असं डायल करता येतं. आणि संपर्क सिमवर साठवू नका.

## ओटीपीचा पेच

साधा फोन घेणारा माणूस सगळी पडताळणी एसएमएसवर आणून ठेवतो, कारण दुसरं काही चालतच नाही. मग त्याचा मोबाइल नंबर हीच त्याच्या सगळ्या खात्यांची किल्ली बनते. नंबर पळवायला फोन लागत नाही. मोबाइल कंपनीला फसवून किंवा आतल्या माणसाला हाताशी धरून त्याच नंबरचं दुसरं सिम काढायचं, एवढंच. याला सिम स्वॅप म्हणतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचं स्वतःचं ट्विटर खातं नंबर पळवूनच ताब्यात घेतलं गेलं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही एसएमएस कोडला २०१७ पासून 'मर्यादित' म्हणजे जपून वापरायच्या पद्धतींत टाकलं आहे.

त्यामुळे फोन साधा करायच्या आधी खाती नंबरापासून सोडवून घ्यावीत. एक मार्ग म्हणजे दर ३० सेकंदांनी बदलणारे ६ अंकी कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप. त्याला इंटरनेटही लागत नाही, ते घरच्या संगणकावर किंवा सिम नसलेल्या जुन्या स्मार्टफोनवर चालतं. दुसरा मार्ग यूएसबीची सुरक्षा-किल्ली. ती जास्त भक्कम, कारण खोट्या संकेतस्थळावर ती चालतच नाही. एक हरवली तर पंचाईत नको म्हणून अशा दोन किल्ल्या नोंदवाव्यात. जिथे एसएमएसशिवाय गत्यंतर नाही, बऱ्याच बँकांत नसतंच, तिथे सिम पिन हवाच आणि कंपनीकडे सिम बदलण्यावर वेगळा पासवर्ड लावता येत असेल तर तोही लावावा.

मोबाइलला अचानक बराच वेळ रेंजच नाही आणि शेजारच्याला आहे, असं झालं तर ते सिम स्वॅपचं लक्षण असू शकतं. थांबू नये, दुसऱ्या फोनावरून लगेच कंपनीला आणि मग बँकेला कळवावं.

## कॉल वळवणं आणि व्हॉइसमेल

या दोन जुन्या सोयी आपण विसरलोय, भामटे विसरलेले नाहीत. 'अमुक कोड डायल करा, तुमचं पार्सल सुटेल' असं सांगून ते तुमच्याकडून *२१* ने सुरू होणारा कोड दाबून घेतात आणि तुमचे सगळे कॉल त्यांच्याकडे वळतात, अगदी आवाजी ओटीपीसुद्धा. *#२१# डायल केल्यावर कॉल वळवलेले आहेत का ते कळतं. ##००२# ने सगळं वळवणं एका दमात रद्द होतं. मात्र तुमची व्हॉइसमेल चालू असेल तर तीही त्याने तुटेल, ती नंतर पुन्हा जोडून घ्यावी लागते. व्हॉइसमेल वापरत असाल तर तिचा पिन स्वतःचा ठेवा. ज्या घोटाळ्यामुळे ब्रिटनचं 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे साप्ताहिक २०११ मध्ये बंद पडलं, त्यात फोनांत कोणी शिरलंच नव्हतं. लोकांच्या व्हॉइसमेल पेट्या ऐकल्या जात होत्या, आणि त्या बऱ्याचदा न बदललेल्या मूळ पिनने उघडत होत्या.

## 'मग दोन फोन ठेवले तर?'

स्मार्टफोन घरी, साधा फोन खिशात, असं बरेच जण करतात आणि ते चांगलं चालतं. फक्त काही बारकावे आहेत. दोन्ही फोन बरोबर घेऊन फिरलात तर दोघांच्या टॉवरनोंदी हातात हात घालून चालतात. दोन वेगळ्या नावांची सिम असली तरी मालक एकच, हे सहज काढता येतं. एक बंद करून त्याच जागी दुसरा चालू केला तरी तसंच.

घरी सिग्नल किंवा व्हॉट्सॲप ठेवायचं असेल, तर सिम नसलेल्या स्मार्टफोनवर ते वायफायवरून चालतं. नोंदणीचा कोड साध्या फोनावर येतो, तो तिथे टाकायचा. सिग्नलमध्ये 'नोंदणी लॉक' आणि व्हॉट्सॲपमध्ये 'दोन-टप्पी पडताळणी' लगेच चालू करावी, नाहीतर सिम पळवणारा तेही पळवेल. व्हॉट्सॲप संगणकाला जोडलं असेल तर मूळ फोनावर ते १४ दिवसांतून एकदा तरी उघडावं लागतं, नाहीतर जोडणी तुटते. आणि हा घरचा फोन सुरक्षा अपडेट मिळणारा हवा. कपाटात सापडलेला सात वर्षांपूर्वीचा फोन या कामाला नको, कारण तुमची सगळ्यात नाजूक संभाषणं आता त्याच्यावरच असतील.

## 'म्हणजे स्मार्टफोनच बरा?'

कोणापासून वाचायचंय, यावर ते ठरतं. जाहिरात कंपन्यांचा आणि ॲपवाल्यांचा पिच्छा सोडवायचा असेल, तर पहिल्या किंवा तिसऱ्या प्रकारचा फोन उत्तम. बोलण्याचा मजकूर कोणाच्या कानी पडू नये असं असेल, तर ताज्या अपडेटचा, मोजकी ॲप्स ठेवलेला, जाहिरात क्रमांक पुसलेला स्मार्टफोन आणि त्यावर सिग्नल, हे कोणत्याही बटणांच्या फोनापेक्षा सरस. आणि ठावठिकाणाच लपवायचा असेल तर दोन्ही निरुपयोगी. त्या वेळेपुरता फोन बंद करून घरी ठेवणं एवढाच खात्रीचा उपाय. फाइव्हजीत कायमचा ग्राहक क्रमांक हवेतून उघडा जाऊ नये अशी तरतूद आहे, पण ती वाटेत कान देऊन बसलेल्यांपासून वाचवते. तुमची स्वतःची मोबाइल कंपनी नोंदवही भरतच राहते.

तिसऱ्या प्रकारचा फोन घेताना एवढं विचारून घ्यावं: सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार? साठवण एन्क्रिप्टेड आहे का? फोरजीवरून थेट कॉल, म्हणजे व्होल्टे, तुमच्या कंपनीच्या नेटवर्कवर चालतो का, की कॉल लागताच फोन टूजीवर उतरतो? आणि फोनाची मांडणी कुठून होते? लाइट फोन २ मध्ये साधनं जोडणं-काढणं वेबवरच्या खात्यातून होतं. हे सोयीचं आहे, पण त्या खात्याचा पासवर्ड फुटला तर फोन कितीही साधा असून उपयोग नाही. छोट्या कंपनीचा फोन असेल तर कंपनी बंद पडल्यावर हे खातं चालवणार कोण, हाही प्रश्न विचारावा. विक्रेते त्याचं उत्तर सहसा टाळतात.

जुना स्मार्टफोन विकणार असाल तर आधी त्यातलं गूगल किंवा ॲपलचं खातं काढा, मग फॅक्टरी रीसेट करा. साठवण एन्क्रिप्टेड असल्याने रीसेटनंतर उरलेल्या माहितीची किल्लीच नष्ट होते. जुना बटणांचा फोन मात्र रीसेट करून देऊन टाकू नका. त्यात पुसलेले एसएमएस चिपवर तसेच राहू शकतात. सिम आणि मेमरी कार्ड काढा, बॅटरी वेगळी करून ई-कचऱ्यात द्या, आणि उरलेल्या फोनातली सर्किटची पाटी हातोडीने फोडा.